सोणाच्या वहाणा

पॅरिस ऑलिम्पिकमधली ती रात्र भारतातल्या कुस्तीप्रेमींच्या मनातून अजून गेलेली नाही. ६ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगटने एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या. त्यातली पहिलीच जपानच्या युई सुसाकीशी होती, आणि सुसाकी तोवर आंतरराष्ट्रीय आखाड्यात ८२ लढती अजिंक्य होती. संध्याकाळी अंतिम फेरी नक्की झाली आणि वजनाचा काटा समोर उभा राहिला. गट ५० किलोचा. दिवसभरात अंगात गेलेलं अन्नपाणी सकाळपर्यंत उतरवायचं होतं. रात्रभर व्यायाम, गरम खोलीत घाम काढणं, घोटभर पाण्यालाही बंदी. शेवटी केस कापले, कपडे आखूड केले. ७ तारखेच्या सकाळी काटा थांबला तो ५० किलो १०० ग्रॅमवर. नियमाप्रमाणे विनेश बाद झालीच, शिवाय तिला सर्वांत शेवटचा क्रमांक मिळाला. आदल्या दिवशी मारलेल्या तिन्ही कुस्त्या हिशेबातून गेल्या. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला तिचं अपील फेटाळलं.

खेळाडूच्या अशा कष्टांसाठी आपल्याकडे एक शब्द तयार असतो : तपश्चर्या. तो कौतुकाने वापरला जातो, आणि बहुतेकदा तिथेच विचार थांबतो. कारण तप म्हटलं की प्रश्न विचारायचा नसतो, हात जोडायचे असतात. पण त्या रात्री विनेशच्या शरीराचं जे झालं ते तप होतं का? तिच्या धैर्याबद्दल शंकाच नाही. प्रश्न शब्दाचा आहे. घशाला कोरड पडलेली असताना धावत राहणारं शरीर आणि एकादशीला निर्जळी राहून नामस्मरण करणारं शरीर, या दोघांसाठी एकच शब्द वापरताना आपण नेमकं कशाला पवित्र म्हणतो?

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाची वर्गवारी आहे. ती नीट वाचली तर शरीराच्या तपात उपासमार, ऊन, काटे, जागरण यांतलं काहीच सापडत नाही. तिथे आहे ती देवाची, गुरूची, जाणत्यांची पूजा. स्वच्छता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा. अहिंसा शरीराच्या तपात मोजलेली आहे, आणि ती फक्त दुसऱ्याच्या शरीराबद्दल नाही. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला, हट्टाने घोर तप करून देहातल्या भूतमात्रांना आणि आत वसलेल्या ईश्वरालाच कृश करणाऱ्यांची गणना आसुरी निश्चयाच्या माणसांत केली आहे. पुढे मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन केलेलं तप तामस ठरवलं आहे. गीतेचा हा निवाडा इतका स्पष्ट असताना ‘जितका त्रास जास्त, तितकं तप मोठं’ ही समजूत आपल्या मैदानांवर कशी रुजली, हे कोडंच आहे.

त्याच वर्गवारीत खेळाडूला अडचणीत टाकणारं आणखी एक कलम आहे. सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून केलेलं तप राजस, आणि त्याचं फळ चंचल, न टिकणारं. पदकासाठी केलेला सराव याच कप्प्यात बसतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. आणि फळ टिकत नाही हे तर शरीरशास्त्रही सांगतं. सराव थांबला की काही दिवसांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण घटू लागतं. दोन ते चार आठवड्यांत दमसास मोजण्याइतका कमी होतो. वर्षानुवर्षं कमावलेलं अंग महिन्याभराच्या पलंगाला भारी पडत नाही. खेळाडूचं तप साठवून ठेवता येत नाही, रोज नव्याने करावं लागतं. म्हणून तर ते रोज करता येईल अशा बेताचं असावं लागतं. एका रात्रीत शरीर पणाला लावणाऱ्याला दुसऱ्या दिवसासाठी काही उरत नाही.

उपासमारीने काय मिळतं याचा एक अतिशय प्रामाणिक प्रयोग १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झाला. प्रयोगशाळा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या इमारतीतच होती. अ‍ॅन्सेल कीज हे शास्त्रज्ञ त्याचे प्रमुख. महायुद्धाने उपाशी ठेवलेल्या युरोपला पुन्हा खाऊपिऊ घालायचं कसं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी ३६ तरुण स्वतःहून पुढे आले. हे तरुण धर्माने किंवा विवेकाने बंदूक उचलायला नकार दिलेले होते. त्यांच्यातले बरेच शांततावादी ख्रिस्ती पंथांचे. लढायचं नाही, पण जगाच्या दुःखात वाटा उचलायचा, अशी त्यांची श्रद्धा. २४ आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न देण्यात आलं आणि आठवड्याला २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, चालायला लावलं. वजन चौथाईने उतरलं. नाडी मंदावली, अंग गार राहू लागलं, जिना चढणं जड झालं. आणि मन? या सज्जन, शिकलेल्या, ध्येयवादी मुलांच्या मनात अन्नाशिवाय दुसरं काही राहिनासं झालं. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, ताटातला घास तासभर पुरवत, चिडचिड करत, मित्रांपासून तुटत. उपाशी शरीराने त्यांना देहभानातून सोडवलं नाही. पुरतं देहातच कोंडून टाकलं.

अडीच हजार वर्षांपूर्वी गया परिसरात एका माणसाने हाच प्रयोग स्वतःवर केला होता. सहा वर्षं. पोटाला हात लावला की पाठीचा कणा हाताला लागे, असं वर्णन पाली ग्रंथांत आहे. लाहोरच्या संग्रहालयातली गांधार शैलीतली उपाशी बुद्धाची मूर्ती पाहणाऱ्याला ते खोटं वाटत नाही. त्यानंतर त्याने सुजाताची खीर घेतली, आणि बरोबरचे पाच तपस्वी ‘हा ढिला पडला’ म्हणून सोडून गेले. त्या पाचांची प्रतिक्रिया आजच्या कुठल्याही सराव-शिबिरात ऐकू येते. सुट्टी घेणारा ढिला, पोटभर जेवणारा ढिला, दुखतंय म्हणणारा तर ढिलाच.

बुद्ध झाल्यावर त्याच माणसाला एका अतिउत्साही शिष्याची समजूत घालावी लागली. विनयपिटकातल्या महावग्गात ती कथा येते. सोण कोळिविस हा चंपा नगरीतल्या गडगंज घरातला मुलगा. इतका लाडात वाढलेला की त्याच्या तळपायांवर केस होते म्हणतात. पाय कधी जमिनीला घासलेच नव्हते. भिक्षू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने चंक्रमण सुरू केलं, म्हणजे चालत ध्यान. चालला, चालला, इतका चालला की तळपाय फुटले आणि चालण्याची ती वाट कसायाच्या ओट्यासारखी रक्ताने माखली. तरी चित्त स्थिर होईना. त्याच्या मनात आलं, घरी जाऊन दानधर्म करत सुखाने राहावं हे बरं. बुद्धांनी त्याला विचारलं ते त्याच्या जुन्या आयुष्यातलं. सोण घरी वीणा वाजवत असे. तारा फार ताणल्या तर वीणा बोलायची का? नाही. ढिल्या सोडल्या तर? तेव्हाही नाही.

हा दृष्टांत इतका वापरला गेला आहे की त्यातली खरी गोष्ट निसटते. सुरात लागलेली तार ढिली नसते. ती चांगलीच ताणलेली असते. बोट लागलं तर कळतं. मध्यम मार्ग म्हणजे निम्मा ताण किंवा जपून केलेला सराव नव्हे. शिवाय एकाच वीणेच्या सगळ्या तारांना एक ताण चालत नाही. जाड तारेचा वेगळा, बारीक तारेचा वेगळा. चौदा वर्षांच्या मुलीला आणि पंचविशीतल्या धावपटूला एकाच रांगेत उभं करून एकच सराव देणारा प्रशिक्षक या अर्थाने बेसूर आहे.

सोणाच्या पायांचं काय झालं असेल, याचं उत्तर खूप नंतर युरोपातल्या लष्करी दवाखान्यांतून आलं. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांची नोंद केली. कारण त्याला दिसणं शक्य नव्हतं. क्ष-किरण आल्यावर दिसलं : पायाच्या लांब हाडांना बारीक चीर. कुठे पडणं नाही, मार नाही, नुसतं चालणं. आज त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंत, नर्तकांत, नव्याने भरती झालेल्या जवानांत ते नेहमी आढळतं.

ते का होतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तपाबद्दलचा सगळा गैरसमज त्या हाडात दिसतो. हाड दगडासारखं निर्जीव नसतं. त्यावर नवा ताण आला की शरीर आधी तिथला जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. भरायला तीनेक महिने लागतात. म्हणजे सराव एकदम वाढवला तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षा मजबूत नसतं, कच्चं असतं. नेमकं तेव्हाच स्नायूंना आणि दमाला जोर आल्यासारखं वाटतं, आणि खेळाडू आणखी पळतो. चीर पडते ती तिथे. स्नायूचंही तसंच. जड मेहनतीनंतर स्नायूत नवी प्रथिनं बांधण्याचं काम चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वाढीव वेगाने चालू असतं. मेहनत ही फक्त मागणी असते. पुरवठा अन्नातून आणि झोपेतून होतो. कष्टाने माणूस घडतो असं आपण सहज म्हणतो, पण कष्टाच्या क्षणी तो झिजत असतो. घडतो तो नंतर, गादीवर आणि ताटासमोर.

हे आपल्या तालमींना ठाऊक नव्हतं असं नाही. कोल्हापूरच्या तालमीत ‘मेहनत’ हा शब्द एकटा येत नाही, त्याच्या मागोमाग ‘खुराक’ येतो. पहाटेच्या जोर-बैठका, लाल मातीतली लढत, मग दूध, तूप, बदामाची थंडाई आणि दुपारची झोप. वस्ताद पठ्ठ्याचे जोर मोजतो तसं त्याचं ताटही बघतो. राजर्षी शाहूंनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं, आणि त्याबरोबर मल्लांच्या खुराकाचीही सोय संस्थानातून केली. शरीराकडून मागायचं तर आधी त्याला द्यावं लागतं, हा हिशेब त्या मातीत पक्का होता. हनुमानाच्या तसबिरीपुढे घातलेल्या बैठकांना तप म्हणायला हरकत नाही, कारण त्या तपाचं पारणं रोज होत असे.

तो हिशेब शाळेच्या मैदानापर्यंत येताना अर्धा सांडला. खेळताना पाणी पिऊ नये, पोटात कळ येते. घाम आला की पाणी नको, सर्दी होते. तहान मारायला शिका, दम वाढेल. महाराष्ट्रात कबड्डी किंवा खो-खो खेळलेल्या कुठल्याही पिढीला ही वाक्यं पाठ आहेत. ती सांगणारे शिक्षक दुष्ट नव्हते. त्यांना खरोखरच वाटे की तहान सोसण्यातून पोरं घडतात. पण उन्हात जोराने खेळणाऱ्या शरीरातून तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त घाम जातो. साठ किलोच्या मुलाचं सव्वा लिटर पाणी गेलं की वजनाच्या दोन टक्के घट झाली. तिथून रक्त घट्ट होऊ लागतं, हृदयाला तेवढंच रक्त फिरवायला जास्त ठोके द्यावे लागतात, अंगातली उष्णता बाहेर टाकणं जड जातं, पायांआधी डोकं मंदावतं. तहान सोसून दम वाढत नाही. सोसण्याची सवय होते, इतकंच, आणि ती सवय धोक्याची सूचना बुजवून टाकते.

उलट टोकही तितकंच खरं आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातल्या १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली होतं. मुख्य कारण, गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. त्याच शर्यतीत एक तरुण धावपटू याच कारणाने दगावली. तार ढिली सोडल्याचा हा प्रकार.

मुलींच्या बाबतीत तर शरीराने दिलेली सूचना चक्क पदक समजली जाते. सराव वाढला आणि पाळी थांबली, की ‘आता खरी मेहनत लागू पडली’ असं म्हणणारी माणसं मैदानावर भेटतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये या अवस्थेबद्दल सविस्तर निवेदनं काढली. हिशेब साधा आहे. पन्नास किलोच्या मुलीच्या अंगात चरबी वगळून ४२ किलो असतील, तर व्यायामाचा खर्च वजा जाता तिच्यासाठी दिवसाला १९०० च्या आसपास कॅलरी उराव्यात. तो आकडा बराच काळ १२५०-१३०० च्या खाली राहिला की शरीर काटकसर करू लागतं. आधी प्रजननाचं काम बंद, मग हाडांची भरणी कमी, मग प्रतिकारशक्ती. सहाशे कॅलरी जाळणारा सराव करून आलेल्या मुलीला अडीच हजारांचं जेवण लागतं. ‘पोरीच्या जातीला इतकं खाणं शोभत नाही’ या एका वाक्याने त्यातलं किती कापलं जातं, ते ज्याच्या त्याच्या घराने तपासावं. नवरात्राचे नऊ दिवस उपवास आणि त्याच आठवड्यात जिल्हा स्पर्धा, हा तर दरवर्षीचा पेच. त्या मुलीची भक्ती खरी असते. तिला उपवास सोड म्हणणं जसं उद्धटपणाचं, तसंच तिच्या हाडांचा हिशेब न सांगणंही अन्यायाचं.

ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहिताना या मापाचाच विचार केला आहे. योग साधायचा तर अन्न मोजून घ्यावं, पावलं मोजून टाकावीत, बोलणंही बेताचं असावं, आणि झोपेला तिच्या वेळी मान द्यावा, असा त्या ओव्यांचा आशय. झोपेला मान देणं ही कल्पनाच किती सुंदर आहे! झोप ही योग्याची इंद्रियदुर्बलता नव्हे. ती वेळेवर येणारी पाहुणी आहे, तिला पाट मांडून बसवायचं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शेरी मा यांनी बास्केटबॉलच्या अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला लावलं. सराव तोच, प्रशिक्षक तोच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांची धावण्याची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली आणि फ्री-थ्रो ९ टक्क्यांनी सुधारले. अकरा माणसांवरून सगळं सिद्ध होत नाही. पण पहाटे चारला उठवण्यालाच शिस्त मानणाऱ्या वसतिगृहांनी मुलं झोपतात किती वाजता, हेही विचारायला हवं.

इथे एक फरक प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. ज्ञानेश्वरांचा योगी आणि स्टॅनफर्डचा खेळाडू एकाच गावाला निघालेले नाहीत. योग्याला देहाची कटकट मिटवून त्यापलीकडे जायचं आहे. खेळाडूला देहातूनच जास्तीत जास्त काढायचं आहे. सोणाने शर्यत जिंकावी असं बुद्धांना वाटत नव्हतं. संतांच्या वचनांना आधुनिक आरोग्याची जाहिरात बनवणं हा त्यांचाही अपमान आणि विज्ञानाचाही. तरीही दोन्ही वाटांवरच्या माणसांना शरीर नावाच्या एकाच प्राण्यावर स्वार व्हावं लागतं, आणि तो प्राणी दोघांशी सारखाच वागतो.

वारी हे याचं मोठं जिवंत उदाहरण आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. चालणाऱ्यांत साठी-सत्तरीतल्या बायका, अनवाणी म्हातारे, डोक्यावर तुळशीवृंदावन. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी. शिंदेशाहीत सरदारकी केलेला हा माणूस, त्याला हजारो पायांची कूच कशी न्यायची हे कळत होतं. दिंड्यांचे क्रम ठरले, मुक्काम ठरले, आणि विसावे ठरले. पालखीच्या वेळापत्रकात सकाळचा विसावा, दुपारचा विसावा हे छापलेले असतात. बहुतेक वर्षी पुण्याहून सासवडचा टप्पा येतो तो नेमका एकादशीला. तिसेक किलोमीटरची चाल, मध्ये दिवे घाटाची चढण, आणि पोटात उपवास. वारीतला हा सगळ्यात कठीण दिवस. त्याच्या आधी पुण्यात दोन रात्रींचा मुक्काम असतो. आणि त्याच्या नंतर सासवडलाही पालखी थांबते, द्वादशीचं पारणं होतं, पाय तेलाने चोळले जातात. आजचा कुठलाही जाणता प्रशिक्षक कठीण दिवसाच्या मागेपुढे अशीच जागा सोडतो.

त्यातली सगळ्यात शहाणपणाची बाब अशी की विसावा कुणाला मागावा लागत नाही. दमलेल्या म्हाताऱ्याने हात वर करून ‘मला बसू द्या’ म्हणायचं नसतं. पालखी थांबते, म्हणून सगळे थांबतात. न दमलेला तरुणही बसतो. त्यामुळे बसण्यात कमीपणा उरत नाही.

खेळाच्या जगात ही गोष्ट फार जड किंमत मोजून शिकावी लागली. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम महिन्याभरात, अमेरिकेत तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांतले तीन तरुण मल्ल वजन उतरवताना मेले. तिघांनीही हवा न खेळणारे रबरी-प्लास्टिकचे कपडे घालून गरम जागेत व्यायाम केला होता, तिघांनीही पाणी तोडलं होतं. वजन उतरवणं कुस्तीत शतकभर चालत आलेलं. प्रत्येकाला धोका माहीत होता, आणि ‘मी नाही करणार’ म्हणणं प्रत्येकाला अशक्य होतं. कारण तो नाही म्हणाला तर त्याच्याहून अंगाने मोठा प्रतिस्पर्धी त्याच्याच गटात उतरणार. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने तसले कपडे आणि गरम खोल्या बंद केल्या, वजन लढतीच्या अगदी आधी घ्यायला सुरुवात केली, आणि हंगामाच्या आरंभीच, शरीरात पुरेसं पाणी असताना, प्रत्येक मल्लाचं किमान वजन ठरवून टाकलं. त्याखाली जायचंच नाही. एकट्याच्या शहाणपणाला जे जमलं नसतं ते नियमाने जमवलं.

आंतरराष्ट्रीय कुस्तीनेही २०१८ पासून आदल्या संध्याकाळऐवजी लढतीच्या सकाळी, आणि दोन्ही दिवशी, वजन घ्यायला सुरुवात केली. हेतू चांगला होता : काट्यानंतर भरून काढायला रात्र मिळू नये, म्हणजे कुणी फार उतरवणार नाही. पण मल्लांनी उतरवणं सोडलं नाही, ते दोनदा उतरवू लागले. विनेशनंतर दोनच दिवसांत अमन सहरावत या एकवीस वर्षांच्या मल्लाने उपांत्य फेरीनंतर दहा तासांत साडेचार किलोहून जास्त वजन घालवलं आणि ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं. देशाने टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्या होत्या. मात्र ही रात्र आणि विनेशची रात्र यांत शरीराच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. एक १०० ग्रॅमने हुकली, दुसरी साधली. पॅरिसच्या काट्याने फक्त आकडा पाहिला. तो आकडा कशातून आला हे विचारणं त्याचं काम नव्हतं. ते काम कुणाचं असायला हवं, हा खरा धर्माचा प्रश्न आहे.

रमजानच्या रोजाने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने मांडला. कुराणात रोजाची आज्ञा आणि आजारी माणसाला, प्रवाशाला दिलेली सूट एकाच ठिकाणी येते. सुटलेले दिवस पुढे भरून काढावेत. श्रद्धावान खेळाडूंनी यातून आपापली वाट काढली. हकीम ओलाजुवान १९९५ च्या फेब्रुवारीत रोजे ठेवून बास्केटबॉल खेळला आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१२ च्या जुलैत ओव्हलवर नाबाद ३११ करणाऱ्या हाशिम आमलाने प्रवासी म्हणून ते रोजे पुढे ढकलले होते. दोघांच्या निष्ठेत डावंउजवं करण्याचा अधिकार कुणालाच नाही. शरीरशास्त्र इतकंच सांगतं की रोजात अडचण मुख्यतः पाण्याची आणि मोडलेल्या झोपेची असते, आणि सरावाची वेळ बदलली तर ती बरीच आवरता येते.

मग २६ एप्रिल २०२१ ला इंग्लंडमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात अर्ध्या तासाच्या सुमारास सूर्य मावळला. दोन्ही संघांनी आधीच ठरवल्याप्रमाणे गोलकिकच्या वेळी खेळ क्षणभर थांबला, वेस्ली फोफानाने बाजूला जाऊन रोजा सोडला, आणि खेळ पुढे चालू झाला. प्रीमियर लीगमध्ये पुढे ही पद्धतच पडली. फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाने मात्र २०२३ मध्ये अशा कारणासाठी सामना थांबवू नये अशी भूमिका घेतली. मैदान धर्मनिरपेक्ष राहावं हा त्यांचा युक्तिवाद. तो हलका नाही. तरी उन्हाळ्यात सगळ्यांना पाणी पिण्यासाठी सामना थांबतो तेव्हा कुणाचं तत्त्व मोडत नाही, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मिनिटभराचा थांबा एकाने भीक म्हणून घ्यायचा की दोन्ही संघांनी मिळून द्यायचा, यावर त्या मिनिटाची प्रतिष्ठा ठरते.

महाराष्ट्राच्या स्मृतीत असाच एक न मिळालेला थांबा आहे. १९५२, हेलसिंकी ऑलिम्पिक. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलो गटात लढत होते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभे केलेले पैसे, गावोगावची वर्गणी, एवढ्या जिवावर हा मल्ल तिथवर पोचला होता. जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी लढत झाली, त्यात हार झाली, आणि लगेच रशीद मम्मदबेयोवविरुद्ध उतरायला सांगण्यात आलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण तो नियम बजावून मागायला त्या क्षणी आखाड्याशेजारी एकही भारतीय अधिकारी नव्हता, असं खाशाबांच्या त्या दिवसाबद्दल सांगितलं जातं. ते उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या अर्ध्या तासाने रंग बदलला असता का, हे सांगता येणार नाही. पण नियम पुस्तकात होता, आणि तो मागण्याचं ओझं दमलेल्या मल्लावर टाकलं गेलं.

सोणाची गोष्ट वीणेवर संपत नाही. दृष्टांत ऐकून त्याने आपला जोर बेताचा केला आणि त्याला साधायचं ते साधलं. त्यानंतर बुद्धांनी त्याला सांगितलं, तू नाजूक अंगाचा आहेस, तुला एकपदरी वहाणा घालायची मुभा देतो. तोवर भिक्षू अनवाणी चालत. सोण म्हणाला, मी ऐंशी गाड्या सोनं आणि हत्तींचा कळप सोडून इथे आलो. आता लोक म्हणतील, एवढं सोडलं आणि वहाणांत अडकला. भगवान संघाला परवानगी देत असतील तर मीही घालीन. संघाला देणार नसतील तर मलाही नकोत.

बुद्धांनी भिक्षूंना गोळा केलं आणि सगळ्यांना वहाणा घालायला परवानगी दिली. एकपदरी. दुपदरी नाही, तिपदरी नाही.